मागील पानावरून पुढे

रात्रीचे आठ वाजत आले की व्यापारी घरांत दिवसाचा रोजमेळ मिटवण्याची वेळ होते. गल्ल्यातील रोकड मोजली जाते, राहिलेल्या उधाऱ्या वहीत चढतात, शिल्लक पुढच्या पानावर ओढली जाते आणि मगच दुकानाचे शटर खाली येते. नेमक्या त्याच सुमारास गावच्या रुग्णालयातही एक हिशेब पुरा होत असतो. दिवस संपवून घरी निघालेली परिचारिका रात्रीसाठी आलेल्या परिचारिकेच्या हाती वॉर्ड सोपवीत असते. रुग्णालयाच्या बोलीत याला ‘चार्ज देणे’ म्हणतात. नव्या पिढीच्या तोंडी ‘हँडओव्हर’ हा शब्द रुळला आहे. काम दहा-पंधरा मिनिटांचे. रुग्णाच्या नातेवाइकांना तेवढ्यात दोन सिस्टर गप्पा मारीत उभ्या आहेत असे वाटते आणि कोणीतरी मध्येच विचारतो, ‘सिस्टर, सलाईन संपत आलंय, बघता का?’

दुकानाचा हिशेब चुकला तर रक्कम जुळत नाही. दुसऱ्या दिवशी पाने उलटून चूक शोधता येते. वॉर्डातील चूक मात्र बहुधा रात्री दोन-तीनच्या सुमारास उघडकीला येते, आणि तेव्हा आधीच्या पानाची लेखिका घरी झोपलेली असते.

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर हे गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते एका भीषण पहाटेमुळे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झालेली, गणपतींचे विसर्जन करून गावे उशिरा झोपलेली. आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या कित्येक गावांतील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्या वेळी भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, ही गोष्ट समाजातील जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. पुनर्वसनात नवी गावे वसली. सास्तूरचे ‘स्पर्श’ ग्रामीण रुग्णालय आज या परिसराला परिचित आहे.

मोठ्या शहरातील रुग्णालयांत तज्ज्ञांची फळी असते. ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारणतः ३० खाटा, मोजके डॉक्टर, आणि रात्री वॉर्डात एक किंवा दोन परिचारिका. बऱ्याच ठिकाणी सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या चालतात. म्हणजे चोवीस तासांत रुग्ण तीन वेळा हातोहात जातो. डॉक्टर फेरीला येऊन जातात. खाटेपाशी अखंड असते ती परिचारिकांची साखळी. त्या साखळीच्या कड्या एकमेकींत अडकतात त्या या तीन वेळांना, आणि निसटल्या तर निसटतातही तेव्हाच.

चार्ज देताना काय सांगितले जाते? खाट क्रमांक, नाव, वय, आजार, डॉक्टरांनी सकाळी काय बदल केला, कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, सलाईनची कितवी बाटली चालू आहे, लघवी किती झाली, ताप केव्हा चढला. हे ‘झालेले’ खाते. अनुभवी परिसेविका नव्या मुलींना शिकवतात ते दुसरे खाते: ‘राहिलेले’. रक्त तपासणीला पाठवले, अहवाल आला नाही. रात्री दहाला रक्तदाब पुन्हा पाहायचा आहे. सकाळच्या शस्त्रक्रियेसाठी बारानंतर पाणी द्यायचे नाही. झालेल्या गोष्टींच्या नोंदी कागदावर कुठे ना कुठे असतातच. राहिलेल्या गोष्टी मात्र जाणाऱ्या परिचारिकेच्या डोक्यात असतात, आणि ती घरी जाताना डोके बरोबर घेऊन जाते.

येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. पुष्कळ रुग्णालयांत चादरी, ऑक्सिजनचे सिलिंडर, थर्मामीटर, कपाटाच्या किल्ल्या यांची मोजदाद सहीनिशी होते, कारण वस्तू हरवली तर भरपाई द्यावी लागते. रुग्णाविषयीची माहिती पुष्कळदा तोंडी दिली जाते. वस्तूंना वही आणि माणसांना स्मरणशक्ती, असा हा उलटा व्यवहार.

तोंडी माहितीचे काय होते, हे ब्रिटनमधील एका छोट्या प्रयोगात तपासून पाहिले गेले. २००५ साली तो प्रसिद्ध झाला. बारा काल्पनिक रुग्णांची माहिती एका परिचारिकेने दुसरीला, दुसरीने तिसरीला अशी पाच वेळा पुढे द्यायची होती. एका पद्धतीत केवळ तोंडी सांगायचे. दुसरीत ऐकताना टिपणे काढायची. तिसरीत तोंडी सांगण्याबरोबर छापील तक्ता हाती द्यायचा. केवळ तोंडी पद्धतीत तिसऱ्या फेरीअखेर सारी माहिती नाहीशी झाली. टिपणे काढणाऱ्यांकडे पाचव्या फेरीनंतर ३१ टक्के उरली. छापील तक्ता असलेल्यांनी फारच थोडे गमावले. प्रयोग लहान होता, रुग्ण खोटे होते. तरीही तीन फेऱ्या म्हणजे जेमतेम एक दिवस, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. तोंडी उधारीवर पेढी चालवणाऱ्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

ग्रामीण रुग्णालयातील कामाचा मोठा वाटा बाळंतपणांचा. तेथील एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. समजा, एका पहिलटकरणीला रक्तदाब वाढून झटके आले आणि तिला दुपारी चार वाजता मॅग्नेशियम सल्फेट सुरू केले. रूढ पद्धतीप्रमाणे पहिली मात्रा १४ ग्रॅमची: ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि दोन्ही पुठ्ठ्यांत ५-५ ग्रॅम. त्यानंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम. हे औषध आईचा जीव वाचवते, पण प्रमाण वाढले तर श्वासच मंदावतो. म्हणून प्रत्येक मात्रेपूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: गुडघ्यावर हलकेच ठोकले असता पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का, आणि लघवी ताशी ३० मिलिलिटर तरी होत आहे का.

आता घड्याळ पाहावे. चारला सुरुवात, म्हणजे पुढची मात्रा आठला. आठ वाजता पाळी बदलते. त्यानंतर बारा, मग चार, मग पुन्हा सकाळचे आठ, म्हणजे पुन्हा पाळीबदल. आठची मात्रा नेमकी कोणी द्यायची? जाणारी म्हणते, आठची आहे, रात्रीची सिस्टर देईल. येणारी समजते, आठची होती, दिवसाच्या सिस्टरने दिली असेल. दोघींपैकी कोणीही आळशी नाही, अडाणी नाही. तरीही मात्रा चुकते आणि झटका पुन्हा येऊ शकतो. याच्या उलटही घडू शकते. जाणारीने पावणेआठला मात्रा दिली, नोंद करायची राहिली, आणि येणारीने सव्वाआठला पुन्हा दिली. ‘चार तासांनी’ या दोन शब्दांतच ही अडचण दडलेली आहे. ज्या वॉर्डांत पाळीबदलाच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या तासात येणारी मात्रा कोणाची हे आधीच ठरलेले असते आणि दिलेल्या मात्रेची नोंद सुई ठेवण्याआधी होते, तेथे हा घोळ टळतो.

प्रसूतीच्या खोलीत लिखित वारशाचा एक उत्तम नमुना गेली अनेक वर्षे वापरात आहे. त्याचे नाव पार्टोग्राफ. १९७२ साली आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी त्याला आजचे रूप दिले. गाव खेड्यातून येणाऱ्या बाळंतिणींना मोठ्या रुग्णालयात केव्हा हलवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सास्तूरचाही प्रश्न तोच. एका कागदावर आडवे तास आणि उभे गर्भपिशवीचे तोंड किती उघडले ते सेंटिमीटर. बाळाच्या हृदयाचे ठोके दर अर्ध्या तासाने, अंतर्गत तपासणी साधारण चार तासांनी. दोन तिरप्या रेघा आधीच आखलेल्या असतात: पहिली सावधानतेची, आणि तिच्यापासून चार तासांवरची दुसरी कृतीची. प्रसूतीची नोंद पहिल्या रेघेच्या उजवीकडे सरकू लागली की वाहनाची जुळवाजुळव सुरू करायची. नव्या पाळीची परिचारिका आत येते, तिला कोणी काहीही सांगितले नाही तरी कागद सांगतो की गेल्या सहा तासांत या बाईची प्रगती थबकली आहे. मात्र तो वेळच्या वेळी भरला तरच. बाळ जन्मल्यानंतर सवडीने बसून भरलेला पार्टोग्राफ हा वर्षअखेरीस एका बैठकीत लिहिलेल्या रोजमेळासारखा असतो. दिसायला नीटनेटका आणि उपयोगाला शून्य.

कागद एवढा उपयोगी, तर मग बोलण्याची गरजच काय, अशी शंका येईल. गरज आहे, कारण कागदाला प्रश्न विचारता येत नाही. ‘पोट दुखतंय म्हणतात, पण मला तो चेहरा ठीक वाटला नाही’ हे वाक्य कोणत्याही तक्त्यात बसत नाही, आणि कित्येकदा तेच सर्वांत मोलाचे असते. बोलण्यालाही शिस्त लावता येते, हा धडा वैद्यकाने चमत्कारिक ठिकाणाहून घेतला: अमेरिकी आरमाराच्या अणुपाणबुड्यांवरून. तेथे पहारा बदलताना थोडक्यात आणि ठरावीक क्रमाने सांगण्याची रीत होती. ती कोलोरॅडोतील कैसर पर्मनंट या आरोग्यसंस्थेत रुग्णसेवेसाठी बेतली गेली आणि ‘एसबार’ या नावाने जगभर पसरली. चार पायऱ्या: आत्ता काय चालले आहे, आधीचे काय आहे, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे असे मी म्हणते.

ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका रात्री डॉक्टरांना फोन करते तेव्हा हा क्रम असा उतरतो: ‘सर, चार नंबरच्या बाळंतीण ताईंचा रक्तस्राव वाढलाय, नाडी १२० आहे. सायंकाळी सहाला नॉर्मल डिलिव्हरी झाली, आधीपासून हिमोग्लोबिन कमी होतं. मला वाटतं गर्भाशय आवळलेलं नाही. सर, आपण लगेच यावं.’ शेवटची दोन वाक्ये उच्चारणे आपल्याकडे सोपे नाही. धाकट्या सिस्टरने डॉक्टरांना ‘मला वाटतं’ म्हणावे, की ज्येष्ठ सिस्टरला ‘तुम्ही मघाशी सांगितलं ते पुन्हा सांगा’ म्हणावे, हे शिष्टाचाराविरुद्ध वाटते. ठरलेल्या क्रमाचा खरा फायदा येथे होतो. मत देणे हा उद्धटपणा राहत नाही. तो रिकामा रकाना भरणे होतो.

याच्या जोडीला ऐकणाऱ्याने ऐकलेले परत म्हणून दाखवण्याची रीत. बाजारपेठेला ती नवी नाही. फोनवर सौदा झाला की समोरचा म्हणतो, ‘तूरडाळ पन्नास कट्टे, माल गुरुवारी, बरोबर?’ पन्नास की पंधरा हा घोळ तेवढ्यानेच मिटतो. वॉर्डात मात्र घरी निघायच्या घाईत ‘हो, हो, कळलं’ यावर बरेच काही भागवले जाते.

जगाचे या विषयाकडे लक्ष गेले ते तसे अलीकडे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले, त्यांत रुग्ण सोपवतानाच्या संवादाला स्थान होते. २०१४ साली अमेरिका व कॅनडातील नऊ बालरुग्णालयांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शिकाऊ डॉक्टरांना पाळीबदलाची ठरावीक पद्धत शिकवण्यात आली; १०,७४० रुग्णांच्या नोंदींत वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्यासाठी नवे औषध लागले नाही की नवे यंत्र.

पण पाळीबदल म्हणजे केवळ चुका टाळण्याचा बंदोबस्त नव्हे, हे सांगणारे उदाहरण मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयाच्याच आवारात अमानुष हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेतून त्या पुन्हा सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. ज्यांनी त्यांना चालता-बोलताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या. घटनेनंतर जन्मलेल्या मुली परिचारिका होऊन त्यांच्या खोलीत येऊ लागल्या. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर ४५ हजारांहून अधिक वेळा एका हाताने दुसऱ्या हाताला अरुणाताई सोपवल्या.

त्यांच्या इच्छामरणाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. त्या सुनावणीत रुग्णालयाने मांडलेली एक गोष्ट परिचारिकांच्या कामाची खरी पावती ठरावी: इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नव्हता. शय्याव्रण टाळायचा तर कूस ठरावीक तासांनी बदलावी लागते. आधीच्या पाळीने शेवटची कूस कोणती आणि केव्हा केली हे पुढच्या पाळीला ठाऊक असावे लागते. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात, माणसे कमी झाली की शांत होतात, हेही ठाऊक असावे लागते. रुग्ण स्वतः काहीच सांगू शकत नव्हती. तिच्याविषयीचे जे काही होते, ते परिचारिका एकमेकींना सांगत आल्या होत्या. न्यायालयात इच्छामरणाच्या मागणीला विरोध करण्यासाठी उभे राहिले ते हेच रुग्णालय, तेथील परिचारिकांच्या भावना घेऊन. त्या प्रश्नाविषयी मते काहीही असोत, तो विरोध करण्याचा अधिकार त्या परिचारिकांनी कमावलेला होता.

सास्तूरकडे परतताना आणखी एक वळण लक्षात घ्यावे लागते. अवघड रुग्ण येथून उमरगा, लातूर, सोलापूर अशा मोठ्या ठिकाणी जातो. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. म्हणजे वॉर्डातील सिस्टरकडून रुग्णवाहिकेतील डॉक्टरकडे आणि तेथून मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाकडे, असे दोन पाळीबदल दोन-तीन तासांत, तेही धावपळीत. संदर्भ चिठ्ठीवर ‘पुढील उपचारार्थ’ एवढेच लिहिले असेल तर सोलापुरात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. मॅग्नेशियमच्या पहिल्या मात्रेची वेळ चिठ्ठीवर नसेल, तर तेथील डॉक्टरांनी दुसरी मात्रा द्यावी की थांबावे?

आता नातेवाइकांविषयी. जैन कुटुंबांत एक बाब अशी आहे जी परिचारिकेला सांगितल्याखेरीज कळणारच नाही. घरातील ज्येष्ठ आजी मधुमेही आहेत, रुग्णालयात दाखल आहेत आणि चौविहार पाळतात. सूर्यास्तापूर्वी थोडेसे जेवून त्या मोकळ्या होतात. वॉर्डाच्या रिवाजानुसार मात्र रात्रीचे जेवण आठला, आणि इन्सुलिन त्यापूर्वी साडेसातला. सिस्टर इन्सुलिन देते. आजी ताटाला हात लावत नाहीत. ताट उचलले जाते. रात्री दोन-तीनच्या सुमारास साखर ७० च्या खाली उतरू लागते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे विसंगत होते, आणि अंधारात सगळ्यांना वाटते, आजी गाढ झोपल्या आहेत. पर्युषणातील उपवास असोत, आयंबिल असो वा अठ्ठाई, धोका तोच. पुष्कळ घरांतून हे डॉक्टरांपासून लपवले जाते, ते व्रत सोडायला लावतील या भीतीने. वास्तविक बहुतेक वेळा वेळ किंवा मात्रा बदलून मार्ग काढता येतो. पण त्यासाठी ती नोंद केसपेपरवर हवी आणि तिन्ही पाळ्यांच्या तोंडी हवी. सकाळच्या सिस्टरला एकदा सांगितले, म्हणजे रात्रीच्या सिस्टरला कळलेच असेल, हे गृहीत धरणे महागात पडू शकते. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घरून आणलेल्या कोणत्या गोळ्या अजून चालू आहेत, हेही असेच.

गंमत अशी की नातेवाइकांच्याही पाळ्या असतात. दिवसा सूनबाई, संध्याकाळी दुकान बंद करून मोठा मुलगा, रात्री भाचा. सूनबाईंना डॉक्टरांनी सकाळी सांगितलेले मुलाला अर्धे कळते, आणि भाच्याला फक्त चार्जरची जागा ठाऊक असते. रात्री सिस्टरने विचारले, ‘दुपारी काही खाल्लं का यांनी?’ की भाचा घरी फोन लावतो. परिचारिकांच्या चार्जमध्ये दोष काढण्यापूर्वी आपला चार्ज कसा होतो हे पाहिलेले बरे.

काही घरांनी यावर साधा तोडगा काढला आहे: उशाशी एक लहान वही. वर नाव, ॲलर्जी, पथ्य, चौविहार अथवा उपवास. खाली वेळेसह ओळी: काय खाल्ले, किती पाणी, कोणती गोळी, डॉक्टर काय म्हणाले, काय विचारायचे राहिले. लिहिणारा बदलला तरी पान तेच चालू राहते. सिस्टरांचा चार्ज खाटेपाशी होत असेल, तर जवळच्या एका माणसाने शांतपणे ऐकत उभे राहावे. चुकीचे काही कानावर आले तर त्यांचे बोलणे पुरे होताच सांगावे. सलाईनची बाटली खरोखर रिकामी झाली असेल तर अर्थातच हाक मारावी. चादर बदलून मागायला मात्र पंधरा मिनिटे थांबता येते.

सकाळचे आठ. रात्रीची सिस्टर शेवटच्या खाटेपाशी येते. हातातील रजिस्टर नव्या सिस्टरकडे देते. ‘सात नंबर, मॅग्नेशियमची आठची मात्रा मी पावणेआठला दिली, सही केलीय. गुडघा उडतोय, श्वास अठरा, लघवी चार तासांत दीडशे. पुढची पावणेबाराला, तुमची.’

‘पुढची पावणेबाराला, माझी,’ नवी सिस्टर म्हणते आणि लिहून घेते.